बरोबरींत सुटलेला डाव

गेल्या महिन्यांतील एका रविवारीं सायंकाळीं आमचा धाकटा नातू आंतरशालेय बुद्धिबळ-स्पर्धेहून घरीं आला. पायांतील बूट काढतो न काढतो तोंच माजघरांतून त्याच्या आजीनें विचारलें, "जिंकलास काय रे?" तो म्हणाला, "नाहीं." "मग हरलास?" "नाहीं." "अरे, मग दिवसभर केलेंस तरी काय?" चिरंजीव गप्प. शेवटीं "अर्धा गुण मिळाला" एवढें पुटपुटून तो हातपाय धुण्यास मागीलदारीं गेला. झोंपाळ्यावर आमचे वडील बंधु अण्णा बसले होते. देशी पद्धतीच्या बुद्धिबळांत एके काळीं त्यांचा हात धरणारा आमच्या आळींत कोणी नव्हता. ते हंसून म्हणाले, "अर्ध्या भाकरीनें अर्धें पोट तरी भरतें; अर्ध्या डावानें काय भरतें?"

अण्णांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. डाव बरोबरींत सुटला म्हणजे दोघांचाही वेळ फुकट गेला, ही समजूत फार जुनी आहे, आणि ती केवळ आपल्याच देशांत आहे असेंही नाहीं. १८५१ सालीं लंडन येथें पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हां बरोबरीचा डाव जमेसच धरीत नसत. तो पुन्हां खेळावा लागे. १८६७ सालीं पॅरिस येथील स्पर्धेंत तर बरोबरी करणाऱ्या दोघांसही शून्य मिळे, म्हणजे दोघेही हरल्यासारखेच. मौज अशी कीं, त्याच वर्षीं स्कॉटलंडांतील डंडी या गांवीं भरलेल्या स्पर्धेंत बरोबरी करणाऱ्या प्रत्येकास अर्धा गुण देण्याची रीति सुरू झाली, आणि पुढें तीच जगभर रूढ झाली. आमच्या घरांत अद्याप पॅरिसचा कायदा चालतो. नातू बिचारा डंडीचा अर्धा गुण घेऊन आला होता.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर मीं त्याला पट घेऊन बोलाविलें व दुपारचा डाव मांडावयास सांगितला. चौदा खेळ्या झाल्या आणि त्याचा हात थांबला. "येथें मीं बरोबरी मागितली," तो म्हणाला. मीं पट नीट पाहिला. त्याच्याकडे एक प्यादें अधिक होतें, आणि प्रतिपक्षाचा राजा अद्याप मधल्या रांगेंत उघडा उभा होता. "मागण्याचें कारण?" तो बराच वेळ हातांतल्या प्याद्याशीं चाळा करीत राहिला. मग खालीं पाहून म्हणाला, "आजोबा, गेल्या वर्षीं त्यानें मला दोनदां हरविलें होतें."

इतकीं वर्षें मुलांपुढें उभें राहून एवढें तरी मला कळतें कीं, अशा वेळीं उपदेशाचा कांहीं उपयोग नसतो. मीं सोंगट्या पुन्हां पहिल्या घरांवर लावल्या, आणि साठांहून अधिक वर्षांपूर्वींचा एक डाव त्याला दाखविण्यास बसलों. तोही बरोबरींतच सुटलेला आहे. तोच या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

तत्कालीन पूर्व जर्मनींतील लाइप्झिग या शहरीं १९६० सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत बुद्धिबळाचें चौदावें ऑलिंपियाड भरलें होतें. ही स्पर्धा एकेकट्या खेळाडूंची नव्हे, राष्ट्रांच्या संघांची. प्रत्येक संघाचे चार खेळाडू चार पटांवर एकाच वेळीं बसतात, आणि त्यांतील सर्वांत बलवान् तो बहुधा पहिल्या पटावर. आपल्या देशाचाही संघ तेथें गेला होता. त्याच्या पहिल्या पटावरील मॅन्युअल आरन यांनीं माजी जगज्जेते मॅक्स ऑयवे यांना त्या स्पर्धेंत हरविलें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत नसते, म्हणून जातां जातां सांगून ठेवतों. सोव्हिएट संघाच्या पहिल्या पटावर होता मिखाइल ताल, आणि अमेरिकेच्या पहिल्या पटावर बॉबी फिशर.

ताल हा लाटव्हियांतील रिगा शहरचा. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत मॉस्को येथें बोट्विनिकचा पराभव करून तो जगज्जेता झाला होता. त्याचें वय त्या वेळीं अवघें तेवीस. तोंपर्यंत इतक्या लहान वयांत तें पद कोणासही मिळालें नव्हतें. मोहऱ्यांचें मोल त्याला जणूं ठाऊकच नसे. घोडा द्यावा, उंट द्यावा, हत्ती द्यावा, आणि प्रतिपक्षाच्या राजाभोंवती असें कांहीं रान पेटवून द्यावें कीं, त्यांतून बाहेर पडण्याची वाट शोधतां शोधतां समोरच्याचें घड्याळ संपून जावें, अशी त्याची तऱ्हा. फिशर त्या वेळीं सतरा वर्षांचा होता. तो पुढें १९७२ सालीं जगज्जेता झाला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु लाइप्झिगच्या पटावर बसला तो फिशर अद्याप तो फिशर नव्हता.

कारण या दोघांची गांठ त्यापूर्वीं पडली होती. १९५९ सालीं जगज्जेत्यास कोणी आव्हान द्यावें हें ठरविण्याची स्पर्धा युगोस्लाव्हियांत ब्लेड, झाग्रेब व बेलग्रेड या तीन ठिकाणीं झाली. खेळाडू आठ, प्रत्येकानें प्रत्येकाशीं चार डाव खेळावयाचे. तालनें फिशरविरुद्धचे चारही डाव जिंकले. त्यांतील एका डावाची हकीकत तालनें आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे. फिशरची बाजू त्या डावांत चांगली होती. त्यानें आपली पुढची खेळी आधीं कागदावर लिहिली, आणि तो कागद तालला दिसेल असा पटाशेजारीं ठेवला. खेळी उत्तम होती. मुलगा आपल्या चेहऱ्यावरून तिची परीक्षा करूं पाहत आहे, हें तालच्या ध्यानांत आलें. तेव्हां तो सहज उठला आणि कांहीं झालेंच नाहीं अशा मुद्रेनें येरझाऱ्या घालूं लागला. फिशरनें लिहिलेली खेळी खोडली, दुसरीच केली, आणि तो डाव गमावला. मीं हें सांगितलें तेव्हां आमच्या नातवानें मान वर केली. "म्हणजे त्याला स्वतःची खेळी बरोबर वाटत होती?" "होय." "तरी खोडली?" "खोडली." यावर तो कांहीं बोलला नाहीं; पण पटाच्या जरा जवळ सरकला.

आतां लाइप्झिगला फिशरकडे पांढरीं मोहरीं आलीं. चार पराभव खाल्लेल्या मनुष्यानें काय करावें? शहाणपण असें सांगतें कीं, वजिरावजिरी करून टाकावी, प्यादीं गुंतवून ठेवावीं, आणि अर्धा गुण पदरांत पाडून घरीं जावें. पांढऱ्या मोहऱ्यांस तें फारसें अवघड नसतें. फिशरनें काय केलें, तें पाहण्यापूर्वीं डावाच्या आरंभाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण पुढील सारी धुमाळी त्या आरंभाच्या पोटांतूनच निघाली आहे.

पांढऱ्यानें राजापुढील प्यादें दोन घरें टाकलें असतां काळ्यानेंही तसेंच दोन घरें टाकावें, हा युरोपांतील जुना शिरस्ता. आपल्या देशी खेळांत प्यादें आरंभीं बहुधा एकच घर सरकतें, त्यामुळें दोन्ही सैन्यांची गांठ पडण्यास वेळ लागतो आणि आरंभाच्या खेळ्यांचा एवढा अभ्यास करण्याची निकड पडत नाहीं. अण्णांस युरोपीय खेळ 'उतावळा' वाटतो, त्याचें कारण हेंच. फ्रेंच बचाव म्हणून जो आरंभ आहे त्यांत काळा राजापुढील प्यादें एकच घर सरकवितो, आणि दुसऱ्या खेळींत वजिरापुढील प्यादें दोन घरें टाकून पटाच्या मध्यभागीं टक्कर देतो. १८३४ ते १८३६ या काळांत लंडन व पॅरिस येथील मंडळांनीं टपालानें डाव खेळले. त्यांत पॅरिसकरांनीं हा बचाव योजून जय मिळविला, म्हणून त्यास हें नांव पडलें.

हा बचाव भक्कम खरा, पण त्याला एक जन्मजात व्यंग आहे. एक घर सरकलेल्या त्या प्याद्याच्या मागें वजिराकडील उंट कोंडला जातो. घर बांधतांना दार आपणच चिणून टाकावें आणि आंत धाकटा भाऊ राहून जावा, तशी त्याची अवस्था. फ्रेंच बचाव खेळणारा प्रत्येक मनुष्य या उंटाची काळजी वाहत असतो. कित्येक डावांत तर तो शेवटपर्यंत जाग्यावरून हालतच नाहीं. वाचकांनीं हा उंट ध्यानांत ठेवावा.

तिसऱ्या खेळींत काळ्यानें दुसरा उंट बाहेर काढून पांढऱ्याच्या घोड्यावर रोखला म्हणजे फ्रेंच बचावांतील 'विनावर' नांवाचा प्रकार होतो. वॉर्सा येथील शिमोन विनावर या खेळाडूचें नांव त्यास मिळालें. पुढें निम्झोविच व बोट्विनिक यांनीं त्याचा कस वाढविला. पांढऱ्यानें ए३ या प्याद्यानें उंटास हटकलें कीं काळा बहुधा घोडा मारून मोकळा होतो. तालनें तसें न करितां उंट ए५ वर मागें घेतला. ही वाट धोक्याची म्हणून प्रसिद्ध होती. १९५४ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील नवव्या डावांत खुद्द बोट्विनिक या वाटेनें गेला, आणि स्मिस्लॉवनें त्याचा पराभव केला. असें असतां जगज्जेता त्याच वाटेनें जातो, याचा अर्थ एवढाच कीं, 'ये, तुला धैर्य असेल तर' असें तो मुलाला म्हणत होता. आणि मुलगा गेला.

डाव खालीं देत आहें. ज्यांस केवळ गोष्ट वाचावयाची असेल त्यांनीं तो सोडून पुढें गेल्यास हरकत नाहीं. परंतु घरांत पट असेल तर मांडून बसावें, असें माझें सांगणें आहे. पटाच्या उभ्या रांगांस पांढऱ्याच्या डाव्या हातापासून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशीं नांवें आहेत, आणि आडव्या रांगांस पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ असे आंकडे. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उ उंट, घ घोडा. अक्षर नसेल तेथें प्याद्याची खेळी समजावी. × हें मारल्याचें चिन्ह. प्रत्येक जोडींत पहिली खेळी पांढऱ्याची.

१. ई४, ई६. २. डी४, डी५. ३. घ-सी३, उ-बी४. ४. ई५, सी५. ५. ए३, उ-ए५. ६. बी४, सी×डी४. ७. व-जी४, घ-ई७. ८. बी×ए५, डी×सी३. ९. व×जी७, ह-जी८. १०. व×एच७, घ(बी)-सी६. ११. घ-एफ३, व-सी७. १२. उ-बी५, उ-डी७. १३. राजाकडे किल्लेकोट, वजिराकडे किल्लेकोट. १४. उ-जी५, घ×ई५. १५. घ×ई५, उ×बी५. १६. घ×एफ७, उ×एफ१. १७. घ×डी८, ह×जी५. १८. घ×ई६, ह×जी२ शह. १९. रा-एच१, व-ई५. २०. ह×एफ१, व×ई६. २१. रा×जी२, व-जी४ शह. बरोबरी.

पहिल्या दहा खेळ्यांतच दोघांनीं परतीचे पूल मोडून टाकले आहेत. सातव्या खेळींत पांढऱ्याचा वजीर जी४ वर आला, तेव्हां त्याचा स्वतःचा घोडा सी३ वर प्याद्याच्या मारांत उभा होता. तो तसाच ठेवून फिशरनें काळ्याचा उंट घेतला, तालनें घोडा घेतला, आणि मग वजीर काळ्याच्या घरांत शिरून जी७ व एच७ हीं दोन प्यादीं खाऊन बसला. हिशेबानें पाहिलें तर पांढऱ्याचें एक प्यादें अधिक. पण काळ्यास त्याच्या बदल्यांत काय मिळालें, तें पाहा. जी व एच या दोन रांगा त्याच्या हत्तींसाठीं मोकळ्या झाल्या. त्याचें एक प्यादें सी३ वर, म्हणजे पांढऱ्याच्या दारांतच, रुतून बसलें. आणि पांढऱ्याचा वजीर लुटीसह इतका दूर गेला कीं, हांक मारल्यास परत येणें कठीण. एच७ वर गेलेला हा वजीर पुढें डाव संपेपर्यंत एकदांही हाललेला नाहीं. ही गोष्ट मीं नातवास दाखविली नाहीं. त्यानेंच ती मला दाखविली, हें येथें नमूद करणें न्यायाचें आहे.

तेराव्या खेळींत पांढऱ्यानें एका बाजूस व काळ्यानें दुसऱ्या बाजूस किल्लेकोट केला. त्यामुळें काळ्याचा राजा वादळाच्या बाहेर गेला, आणि पांढऱ्याचा राजा मात्र उघड्या रांगेच्या तोंडाशींच राहिला. चौदाव्या खेळींत पांढऱ्याचा उंट जी५ वर येऊन काळ्याच्या घोड्यावर रोखला गेला. आतां काळ्यानें स्वतःचा बचाव पाहावा, असें कोणीही म्हणेल. तालनें बचाव केला नाहीं. त्यानें दुसऱ्या घोड्यानें ई५ वरील प्यादें मारलें. त्या घोड्यास पांढऱ्याचा घोडा सरळ मारूं शकतो, आणि फिशरनें मारलाही. पण घोडा सी६ वरून उठला म्हणजे त्याच्या मागची तिरपी वाट मोकळी झाली. त्या वाटेवर कोण उभा होता? तोच तो कोंडलेला उंट. नुकताच डी७ वर एक पाऊल टाकून तो दाराशीं आला होता.

येथून पुढील चार खेळ्या म्हणजे दोन स्वारांची शर्यत. एकीकडे पांढऱ्याचा घोडा: ई५ वर घोडा मारला, एफ७ वर प्यादें मारलें, डी८ वर हत्ती मारला, ई६ वर आणखी एक प्यादें मारलें. दुसरीकडे काळ्याचा उंट: बी५ वर उंट मारला, एफ१ वर हत्ती मारला, आणि त्याच्या जोडीला काळ्याच्या हत्तीनें जी५ वर दुसरा उंट मारला. कोणी कोणाच्या घावाला उत्तर देत नाहीं. 'तूं माझ्या घरांत लूट कर, मी तुझ्या घरांत करतों' असाच प्रकार. दोन्ही स्वार शत्रूच्या गोटांत खोल शिरले आहेत आणि दोघांपैकीं एकालाही परतावयाचें नाहीं. नातवानें येथें हात वर करून विचारलें, "आतां कोण पुढें आहे?" मीं त्याला मोहरीं मोजावयास सांगितलीं. तो मोजूं लागला आणि अर्ध्यावर थांबून म्हणाला, "मोजून काय उपयोग? खेळी कोणाची आहे तें पाहिलें पाहिजे." "मग हातांतल्या यंत्राला विचारूं काय?" असेंही त्यानें विचारलें. मीं म्हटलें, यंत्राला उद्यां विचार. आज डोळ्यांनीं पाहा.

अठराव्या खेळीला पांढऱ्याचा घोडा ई६ वर आला, तेव्हांची स्थिति मोठी पाहण्यासारखी आहे. त्या एका घोड्यानें काळ्याचा वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम धरले. शिवाय एफ१ वरील उंट पांढऱ्याच्या राजाच्या व हत्तीच्या मारांत. तीन मोहरीं एकाच वेळीं जावयास टेकलीं, आणि खेळी एकच! कोणता वांचवावा? ताल यांपैकीं कोणासही वांचवीत नाहीं. धरलेला हत्तीच उचलून तो जी२ वरील प्यादें मारतो आणि शह देतो. त्या हत्तीला राजानें मारावें तर मारतां येत नाहीं, कारण मरणाच्या दारीं असलेल्या उंटाचाच त्याला एफ१ वरून पाठिंबा आहे.

फिशरपुढें आतां दोन वाटा होत्या: राजानें उंट मारावा, किंवा राजा कोपऱ्यांत एच१ वर न्यावा. उंट तर हाताशींच होता. सतरा वर्षांच्या मुलानें, समोर ताल बसलेला असतां, तो मोह आवरला आणि राजा कोपऱ्यांत नेला. तालनें वजीर ई५ वर आणला. त्यामुळें तो घोड्याच्या मारांतून सुटला आणि उलट घोड्यावरच टपला. मग फिशरनें हत्तीनें उंट मारला, तालनें वजिरानें घोडा मारला, फिशरच्या राजानें हत्ती मारला. दोन्ही स्वार पडले. पांढऱ्याकडे वजीर व हत्ती, काळ्याकडे वजीर व घोडा. म्हणजे पांढऱ्याचें पारडें स्पष्टच जड. पण खेळी काळ्याची होती, आणि त्याचा वजीर जी४ वर येऊन शह देतो. राजा कोपऱ्यांत गेला तर एफ३ वरून शह. परत जी१ वर आला तर पुन्हां जी४ वरून शह. यास निरंतर शह म्हणतात. तीच स्थिति तिसऱ्यांदा आली कीं, डाव बरोबरीचा म्हणून मागतां येतो. त्या दोघांनीं तेवढें थांबण्याचें कारण नव्हतें. एकविसाव्या खेळीलाच त्यांनीं हात मिळविले. पांढऱ्याचा वजीर मध्यें आडवा येऊं शकला असता, तर शह तुटला असता आणि फिशर जिंकला असता. पण तो एच७ वर, दहाव्या खेळीच्या लुटीजवळ, उभा होता. तेथून जी२ किंवा जी३ वर येण्यास त्याला वाट नव्हती.

एकवीस खेळ्यांची बरोबरी म्हटली कीं जाणते लोक नाक मुरडतात, आणि त्याला कारण आहे. दोनच वर्षांनीं, १९६२ सालीं, कुरासाव बेटावर झालेल्या आव्हानवीरांच्या स्पर्धेंत पेट्रोश्यान, केरेस व गेलर या तीन सोव्हिएट खेळाडूंनीं आपसांतील बाराही डाव बरोबरींत सोडविले. त्यांची सरासरी एकोणीस खेळ्यांची पडते. फिशर त्या स्पर्धेंत चौथा आला, आणि हे लोक आपसांत संगनमत करून शक्ति राखून ठेवतात, असा आरोप त्यानें अमेरिकेंतील एका नियतकालिकांत उघडपणें केला. त्यानंतर या स्पर्धेची पद्धतिच बदलून, दोघांदोघांचे सामने लावण्याची रीति आली. तेव्हां एकोणीस खेळ्यांची बरोबरी आणि एकवीस खेळ्यांची बरोबरी यांत आंकड्यानें पाहिलें तर अंतर दोन खेळ्यांचें. गुण दोहींस सारखाच, अर्धा. गुणपत्रकावर दोन्ही एकाच रकान्यांत, एकाच अक्षरानें लिहिल्या जातात, आणि गुणपत्रकांत याहून अधिक लिहावयास जागाही नसते. मुलांच्या परीक्षांचे निकाल मांडतांना हें मला पुष्कळदां जाणवलें आहे. पण तो विषय वेगळा.

फिशरनें १९६९ सालीं आपल्या साठ संस्मरणीय डावांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत हा न जिंकलेला डाव त्यानें आवर्जून घातला. आणि १९६१ सालीं ब्लेड येथील स्पर्धेंत, म्हणजे या बरोबरीनंतर वर्ष भरण्यापूर्वींच, त्यानें तालला प्रथमच हरविलें. त्या स्पर्धेंत पहिला मात्र तालच आला; फिशर दुसरा.

इतकें सांगून होईपर्यंत दहा वाजून गेले होते. नातवानें पट आवरला नाहीं. तसाच उचलून झोंपाळ्याजवळच्या चौरंगावर ठेवला. जातां जातां म्हणाला, "आजोबा, मी चौदाव्या खेळीला हत्ती उघड्या रांगेंत आणला असता तर?" मीं म्हटलें, "आपण पाहूं."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजा आटोपून बाहेर येतों तों चौरंगावर लाइप्झिगच्या डावांतील अठरावी खेळी मांडलेली. एका बाजूस अण्णा, दुसऱ्या बाजूस नातू. अण्णांचा आग्रह असा कीं, राजानें उंट मारलाच पाहिजे. दाराशीं आलेला उंट सोडणें हें त्यांच्या देशी रक्तास मानवेना. "घ्या," नातू म्हणाला, आणि काळ्याचा हत्ती त्यानें एच२ वर आपटला. आतां घोड्यानें वजीर मारावा, तर हत्ती एच७ वरचा वजीर घेतो, आणि मग पांढऱ्याचा तो घोडा तरी जातो किंवा कोपऱ्यांतला हत्ती तरी. अण्णांनीं हें पाहिलें, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "थांब. घोड्यानें मारीतच नाहीं मी. वजीर एफ७ वर नेतों. आतां बोल." नातू पटावर वांकला. ही स्थिति वाचकांनींही मांडून पाहावी: पांढऱ्याचा राजा एफ१, वजीर एफ७, हत्ती ए१, घोडा ई६, प्यादीं ए३, ए५, सी२, एफ२, काळ्याचा राजा सी८, वजीर सी७, हत्ती एच२, घोडा ई७, प्यादीं ए७, बी७, सी३, डी५. खेळी काळ्याची.

चहा दोनदां निवला. अखेर आजीनें स्वयंपाकघरांतून विचारलें, "कोण जिंकतें आहे तें तरी सांगा!" दोघांपैकीं कोणीही मान वर केली नाहीं.